खुनी कोण ते आधीच ठाऊक असतं

व्हिडिओ लायब्ररीवाल्याला लोकांची आवडनिवड विचारू नये, त्याची वही पाहावी. परभणीच्या स्टेशन रोडवर आम्ही नवरा-बायकोनं लायब्ररी काढली ती १९८७ साली, आणि वही माझ्या हातात होती. कॅसेटचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, गाव, डिपॉझिट, परत आल्याची वेळ. रात्रभरासाठी व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट असा एकत्र दर असायचा. लग्नाच्या हळदीला, बारशाला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गंगाखेड, पाथरी, मानवतहून लोक जीप घेऊन यायचे. कॅसेट अधिकृत की अनधिकृत हे तेव्हा परभणीत कुणी विचारत नव्हतं, आणि आम्हीही आपण होऊन सांगत नव्हतो.

त्या वहीत एक गोष्ट स्वच्छ दिसते. नुसता रहस्यपट एका घरात एकदाच जातो. 'इत्तेफाक' नेला, पाहिला, खुनी कळला, विषय संपला. परत न्या म्हटलं तर म्हणायचे, "आता काय पाहायचं त्यात?" पण 'हाफ टिकट' तेच घर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत नेणार. 'गुमनाम' तसाच, 'भूत बंगला' तसाच, 'व्हिक्टोरिया नंबर २०३' तर कायम बाहेर. खुनी कोण, हिरे कुठे, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी नेणार. मागताना शब्द ठरलेले, "वहिनी, भुताचा द्या, पण हसायचा." धंद्यात त्याला सस्पेन्स-कॉमेडी म्हणायचे.

लायब्ररीचे दिवस सरले तेव्हा बाकीच्या कॅसेट किलोवर गेल्या. सस्पेन्स-कॉमेडीचं एक कपाट मी राहू दिलं. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, आणि मागच्या खोलीत हे कपाट वाढत वाढत तीन कपाटं झालंय. कॅसेट, व्हीसीडी, गाण्यांची पुस्तकं, शोकार्ड. विषय एकच.

या जातीचे सिनेमे ओळखायला अवघड नाहीत. एक मोठा बंगला, शक्यतो समुद्राकाठी किंवा डोंगरावर. एक वारसा किंवा हिऱ्यांची चोरी. एक नायिका, जिला बंगल्यात एकटं झोपावं लागतं. आणि एक घाबरट माणूस, ज्याच्यावर कथेचा भार नाही पण सिनेमाचा सगळा भार आहे. हा घाबरट माणूस म्हणजे मेहमूद, जॉनी वॉकर, कधी किशोरकुमार. तो आपल्या वाटचं घाबरून घेतो. दार आपोआप उघडलं की आपण दचकायच्या आत तो पलंगाखाली गेलेला असतो, आणि मग आपण हसतो. पुढच्या खेपेला दार उघडणार हे आपल्याला माहीत असतं. तो पलंगाखाली कसा जातो ते पाहायला आपण बसतो. खुनी एकदाच कळतो. मेहमूद दर वेळी नव्यानं घाबरतो.

'गुमनाम' १९६५चा. दिग्दर्शक राजा नवाथे, आपले मराठी. 'आह', 'बसंत बहार' त्यांचेच. विमानातून उतरवून दिलेली माणसं, ओसाड ठिकाणचा बंगला आणि एकेकाचा खून, हा साचा अगाथा ख्रिस्तीच्या १९३९च्या कादंबरीचा. पण ख्रिस्तीबाईंच्या बंगल्यात मेहमूदसारखा बटलर नव्हता. हा बटलर हैदराबादी वळणाचं हिंदी बोलतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती नक्कल वाटली असेल. परभणीच्या शनिवार बाजारात तशी बोली रोज कानावर पडते. आमच्याकडे 'गुमनाम' जास्त का चालला, याचं निम्मं उत्तर मला तिथं दिसतं.

याच सिनेमाच्या सुरुवातीला क्लबात एक नाच आहे. डोळ्यांवर मुखवटा लावलेली लक्ष्मी छाया, मागे टेड लायन्सचा बँड, आवाज महंमद रफींचा. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या अमेरिकन सिनेमानं आपली सुरुवातच या नाचानं केली. त्यातली मुलगी खोलीत टीव्हीवर तो पाहत स्वतः नाचते. पुढे २०११च्या सुमारास बिअरच्या एका जाहिरातीतही ते गाणं वाजलं. मग परदेशी संग्राहक 'गुमनाम' शोधू लागले. आमच्याकडे तो चौतीस नंबरच्या कॅसेटवर निवांत पडलेला होता. लक्ष्मी छायाचं नाव परभणीत तरी किती जणांना ठाऊक होतं म्हणा.

'गुमनाम'ला निदान नाव मिळालं. माझा जीव त्याच्या खालच्या फळीत आहे. अशोककुमार, नलिनी जयवंत आणि जॉनी वॉकरचा 'मिस्टर एक्स' घ्या, १९५७चा, दिग्दर्शक नानाभाई भट्ट. अदृश्य होणारा माणूस, आणि संगीत एन. दत्तांचं, म्हणजे गोव्याच्या दत्ता नाईकांचं. त्याच वर्षी 'जॉनी वॉकर' नावाचाच सिनेमा आला, नायक अर्थात जॉनी वॉकर. शक्ती सामंतांचा 'डिटेक्टिव्ह' १९५८चा, संगीत गीता दत्तचे भाऊ मुकुल रॉय. १९६४चा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे', किशोरकुमार आणि कुमकुम. यातलं किशोरचं विरहाचं गाणं रेडिओवर हजारदा ऐकलेले लोक भेटतात, सिनेमा पाहिलेला क्वचित एखादा. १९६८चा 'साधू और शैतान', मेहमूद आणि ओमप्रकाश, टॅक्सीत प्रेत. यातले काही सिनेमे चांगले आहेत, काही अगदी सामान्य, आणि सामान्य सिनेमा माझ्या कपाटात आहे म्हणून मी त्याला थोर म्हणणार नाही. काहींत रहस्य असं की मध्यंतराआधीच मांजरालाही कळावं.

मग ते जमवायचे कशाला? एक कारण सरळ आहे. मोठ्या बॅनरच्या सिनेमात मुंबई सजवून येते, स्वस्त सिनेमात जशी असेल तशी. सेट बांधायला पैसे नाहीत म्हणून पाठलाग खऱ्या रस्त्यावर. मागे ट्राम दिसते, इराण्याच्या हॉटेलाची पाटी दिसते, दुकानदार कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिलेले दिसतात. तोच जिना तीन सिनेमांत तीन वेगवेगळ्या जमीनदारांच्या घरी पाहिला की वेगळीच मजा येते. आणि ज्यांना पुढे नाव मिळालं ती माणसं इथं उमेदवारी करताना सापडतात. 'भूत बंगला' हे मेहमूदचं पहिलं दिग्दर्शन. त्याला संगीत राहुलदेव बर्मनचं, म्हणजे पंचमचं, आणि तो त्यात पडद्यावर कामही करतो, चक्क विनोदी. पुढे एवढा मोठा झालेला हा माणूस बंगल्यात भुताला घाबरून पळताना पाहायचा असेल तर दुसरं ठिकाण नाही.

आमच्या भागाला ही चव कशी लागली, याचं माझं एक उत्तर आहे. पटलं तर घ्या. मराठवाड्यात घराघरांत दोन फळ्या होत्या. एकीवर बाबूराव अर्नाळकर, त्यांचे झुंजार आणि काळापहाड. दुसरीवर उर्दू येणाऱ्यांच्या घरी इब्ने सफी. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली आणि १९५५पासून इमरान आला. हा इमरान जासूस असून वेड पांघरतो, खुनाच्या जागी उभा राहून पाचकळ बोलतो. रहस्य आणि थट्टा एका पानावर चालतात हे आमच्या मागच्या पिढीनं कागदावर आधीच पाहिलं होतं. अर्नाळकरांच्या वाचनालयातल्या प्रतींवर पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. तरी ती पुस्तकं फाटेपर्यंत फिरली. मराठी पडद्यानं मात्र भीती आणि हसू बराच काळ वेगळं वाढलं. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) आणि राजा परांजपेंचा 'पाठलाग' (१९६४) गंभीर चेहऱ्याचेच. मोकळेपणा आला तो 'एक डाव भुताचा' (१९८२)मध्ये आणि मग महेश कोठारेंच्या 'थरथराट' (१९८९)मध्ये, टकल्या हैवान आणि लक्ष्या समोरासमोर आले तेव्हा. ते दुर्मीळ नाहीत, म्हणून माझ्या कपाटात त्यांना जागा असली तरी मान नाही.

दुर्मीळ का झाले, हे कळायला सिनेमाधंद्याचा नकाशा पाहावा लागतो. तो सरकारी नकाशाहून वेगळा आहे. सप्टेंबर १९४८ला निझामाचं राज्य गेलं, १९६०ला महाराष्ट्र झाला, पण वितरकांच्या कागदावर मराठवाडा 'निझाम सर्किट'मध्येच राहिला. विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये, आम्ही निझाममध्ये. सिनेमाचे डबे मीटरगेजच्या गाडीनं यायचे. आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची गावं, मग जिंतूर-सेलू, आणि प्रिंट अगदी चाळण झाली की जत्रांतले तंबू. परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस फेब्रुवारीत भरतो. तिथं मौत का कुआँ आणि पाळण्यांच्या गर्दीत तंबूतला सिनेमा पाहिलेली माणसं अजून आहेत.

आता यातली मेख बघा. पस्तीस मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. रिळाची सर्वात जास्त झीज होते ती सुरुवातीला आणि शेवटाला. तिथंच हाताळणी जास्त. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून चिकटवणार. दहा गावं झाली की शेपटाकडचं अर्धं मिनिट गायब. सामाजिक सिनेमात शेवटचं अर्धं मिनिट गेलं तर काय, सगळे एकत्र उभे राहून फोटो काढल्यासारखे हसत असतात. रहस्यपटात त्या अर्ध्या मिनिटात खुनी मुखवटा काढतो. म्हणजे जे सांभाळायला हवं तेच आधी झिजतं. वर दुय्यम दर्जाचा शिक्का. मुदत संपली की निर्माता प्रिंट परत नेत नाही, वितरक गोदाम रिकामं करतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, ती काढणारे लोक होतेच. 'आलम आरा'ची प्रत उरली नाही तिथं जॉनी वॉकरच्या तिसऱ्या नायकपटाला कोण विचारतो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायरांनी जिवापाड जमवलं, म्हणून जे आहे ते आहे. पण एक माणूस आणि एक इमारत सगळा देश किती सांभाळणार?

सिनेमा गेला तरी मागे उरतं ते गाण्यांचं पुस्तक. थिएटराच्या दारात दोन-चार आण्यांना मिळायचं. चार-आठ पानं, नटांची नावं, गाणी, आणि कथेचा सारांश, बहुतेकदा उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा तीन लिप्यांत. सारांश कुठे थांबवायचा याचा रिवाज ठरलेला. गोष्ट रंगात आली की शेवटी दोन-तीन प्रश्न टाकायचे आणि उरलेलं रुपेरी पडद्यावर पाहा म्हणायचं. कौटुंबिक सिनेमात हे चालून जातं. लग्न होणार हे आपल्याला कळतंच. रहस्यपटाचं पुस्तक मात्र बरोबर खुनाच्या पायरीवर आपल्याला सोडून देतं.

असं एक पुस्तक मला हैदराबादला आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथ बाजारात मिळालं. अजंठा एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी सिकंदराबाद. भाजी घ्यावी तशी पुस्तकं निवडायची आणि रात्रीच्या गाडीनं परत. मुखपृष्ठ नव्हतं, पहिलं पान नव्हतं, म्हणजे सिनेमाचं नावच नव्हतं. उर्दू मला येत नाही. दर्ग्याच्या बाजूला जुन्या रद्दीचं दुकान असलेले चाचा मला असलं वाचून देतात. चष्मा पुसून त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. हवेली, मृत्युपत्र, दोन भाऊ, एक मूर्ख नोकर, बंद खोलीत पावलांचा आवाज. चाचा रंगले. दुकानात आलेलं गिऱ्हाईकही थांबलं. शेवटच्या ओळीला चाचांनी पान उलटलं, तर मागे केशतेलाची जाहिरात. "ये क्या बात हुई भाबी? चला कौन रहा था ऊपर?" मी म्हटलं, तेच शोधायचंय. "मिला तो मेरे को पहले बताना," म्हणाले, आणि वाचायचे पैसे घेतले नाहीत.

नाव शोधायला मदत झाली ती 'हिंदी फिल्म गीत कोशा'ची. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी हिंदी सिनेमांची गाणी दशकवार, सिनेमावार जमवून खंड काढलेत. आमच्या धंद्यात तो पोथीसारखा वापरतात. पुस्तकातल्या गाण्यांचे मुखडे कोशात जुळवत गेलं की नाव सापडतं. मला सापडलं. इथं छापत नाही, कारण एकदा छापलं की मुंबईच्या चोरबाजारात त्याचा भाव होईल आणि प्रिंट निघाली तर मला परवडायची नाही. सिनेमा अजून पाहायला मिळालेला नाही. चाचा दर जुम्म्याला विचारतात.

हे वेड आपलंच आहे असं मात्र नाही. अमेरिकेत भुताच्या बंगल्यातला विनोद रंगभूमीवरून आला. 'द कॅट अँड द कॅनरी' हे नाटक १९२२चं. वारसा, मध्यरात्रीचं मृत्युपत्रवाचन, भिंतीतून येणारा हात, सगळं तिथं आहे. १९२७ला त्याचा मूकपट झाला, १९३९ला बॉब होपला घेऊन बोलपट, आणि घाबरट नायकाचा साचा जगभर गेला. १९३२चा 'द ओल्ड डार्क हाउस' तर हरवला असंच धरलं होतं. १९६८मध्ये कर्टिस हॅरिंग्टन या दिग्दर्शकानं मागे लागून स्टुडिओच्या तिजोरीतून त्याची निगेटिव्ह काढवली. उलट गोष्ट 'लंडन आफ्टर मिडनाइट'ची. १९२७चा हा रहस्यपट १९६५च्या सुमारास स्टुडिओच्या गोदामाला आग लागली त्यात गेला असं मानतात. २०१४ साली त्याचं एक पोस्टर लिलावात ४ लाख ७८ हजार डॉलरना गेलं. जो सिनेमा आज कुणाला पाहता येत नाही, त्याचं पोस्टर. माझ्या नवऱ्याला मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, त्या कपाटाला कुलूप आहे का म्हणून.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं. मिळतं, बरंचसं. २००७च्या सुमारास मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी काढल्या तेव्हाही लोक म्हणाले, आता जमवायचं काय राहिलं. पण जे मिळतं ते किती मिळतं, हे मोजावं लागतं. त्याची रीत सोपी आहे. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचा दाखला येतो. सगळे तो वगळतात. मी तिथं थांबवते. त्यावर रिळं आणि लांबी लिहिलेली असते. लांबी मीटरमध्ये असेल तर २७.४ने भागा, मिनिटं मिळतात. फुटांत असेल तर नव्वदनं. म्हणजे ४,११० मीटर असेल तर दीडशे मिनिटांचा सिनेमा. आता हातातल्या प्रतीची मिनिटं बघा. १४४ निघाली तर घाबरू नका. थिएटरात सेकंदाला २४ चौकटी चालतात, आपल्याकडच्या व्हिडिओत २५. त्यामुळे सिनेमा जरा पळतो, आवाजही किंचित बारीक होतो. ती सहा मिनिटं कुणी नेलेली नाहीत. पण १२६ निघाली तर अठरा मिनिटांचा हिशेब कुणीतरी द्यायचाय. बहुतेकदा कापलेली असतात ती विनोदाची उपकथानकं, कारण कापणाऱ्याला वाटतं कथा खुनाची आहे. त्या कापलेल्या मिनिटांसाठी संग्राहक एकाच सिनेमाच्या चार प्रती ठेवतो. एकात गाणं पूर्ण, एकात मारामारी, एकात मेहमूद. घरचे म्हणतात एकच सिनेमा चारदा का घेतलास. चार एक नाहीत, हे समजावण्यात माझी उमेद गेली.

आमच्या लायब्ररीनंही कापलेलं आहे, ते लपवत नाही. तेव्हा सगळेच कापायचे. तीन तासांच्या कॅसेटवर सव्वातीन तासांचा सिनेमा बसवायचा म्हणजे काहीतरी जाणारच. राहिलेलं वीजवाले कापायचे. भर शेवटाला लाइट गेली की सकाळी दुकान उघडायच्या आत चारजण दारात, "वहिनी, खुनी कोण?" मी सांगत नसे. अर्ध्या भाड्यात परत न्या, म्हणायचे. एका गल्लीनं तर यावर पैज लावली होती, आणि ज्याच्या घरी व्हीसीआर होता त्यालाच पंच केलं होतं. तो रात्री एकटाच उरलेलं पाहून आला आणि दोन दिवस भाव खात फिरला.

अलीकडे या वस्तूंवर 'रेअर' असं लिहून भाव लावतात. फसू नका. कव्हर चकचकीत असेल तर बहुधा नवं छापलेलं. जुन्या पुस्तकाच्या पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडलेला असतो, तो पुसता येत नाही आणि नकलीत जमत नाही. वितरकाचा शिक्का असेल तर उत्तम. निझाम सर्किटचा असेल तर माझ्याकडे घेऊन या. कॅसेट उभ्या ठेवा, आडव्या नकोत. पावसाळ्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, नाहीतर टेपेवर बुरशी धरते आणि मग एकीची दुसरीला लागते. वास आंबट येत असेल तर ती फिल्म आहे, कॅसेट नाही, ती घरात ठेवू नका, पुण्याला संग्रहालयाला कळवा.

आजी-आजोबांच्या पेटीत चार पानांचं फाटकं पुस्तक निघालं, उर्दूत असलं, नाव नसलं, तरी रद्दीत घालू नका. स्टेशन रोडला आणा. परीक्षेचे दिवस सोडून कधीही या, तेव्हा झेरॉक्सला रांग असते. चाचांना बोलावून घेते.